पोप पॉल सहावे: मुंबईत आलेल्या पहिल्या पोपविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकातल्या पोपांची नावे विचारली, तर बहुतेकांना जॉन पॉल दुसरे आठवतात, काहींना जॉन तेविसावे. या दोघांच्या मधली पंधरा वर्षे, १९६३ ते १९७८, कॅथलिक चर्चची धुरा पॉल सहावे यांच्याकडे होती. विमानाने देशोदेशी जाणारे, डोक्यावर मुकुट नसलेले, परधर्मीयांना हात जोडून भेटणारे, युद्ध आणि गरिबीवर उघड बोलणारे पोप आज आपल्याला स्वाभाविक वाटतात. ही सगळी घडण पॉल सहावे यांची आहे, आणि तिचा मोठा भाग जगाने पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत. तरीही त्यांचे नाव निघाले की लोक एकाच निर्णयापाशी थांबतात. त्या निर्णयाविषयीही पुढे लिहिले आहे, पण आधी माणूस समजून घेऊ.

त्यांचे मूळ नाव काय? ते कुठले?

जोवान्नी बात्तिस्ता मोंतिनी. जन्म २६ सप्टेंबर १८९७, उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराजवळच्या कोंचेसियो गावी. वडील जॉर्जो पेशाने वकील, पण त्यांचा जीव वर्तमानपत्रात आणि राजकारणात. ब्रेशातल्या कॅथलिक दैनिकाचे ते संपादक होते आणि पुढे इटलीच्या संसदेत निवडून गेले. मुसोलिनीने विरोधी पक्ष मोडून काढले तेव्हा त्यांचे संसदीय आयुष्यही संपले. तीन भावांत जोवान्नी मधले. तब्येत नाजूक असल्यामुळे धर्मगुरूपदाचा बराचसा अभ्यास त्यांनी घरी राहून केला. २९ मे १९२० रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

संपादकाच्या घरात वाढल्यामुळे असेल, जग कुठे चालले आहे हे रोज वाचून समजून घ्यायचे ही सवय त्यांना आयुष्यभर राहिली.

पोप होण्याआधी ते काय करत होते?

धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक ख्रिस्ती समाजात, काम करण्याची त्यांची इच्छा होती, पण वरिष्ठांनी त्यांना व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात नेले आणि तिथे जवळजवळ तीस वर्षे गेली. या कचेरीच्या कामाबरोबरच १९२५ ते १९३३ या काळात ते इटलीतल्या कॅथलिक विद्यापीठीय विद्यार्थी संघटनेचे धर्मगुरू होते. फॅसिस्टांचा या संघटनेवर राग होता; विद्यार्थ्यांना मारहाण होई, बैठका उधळल्या जात. मोंतिनींनी त्या मुलांना वाचायला आणि विचार करायला शिकवले. महायुद्धानंतरचा लोकशाही इटली उभारणाऱ्या पिढीतले अनेक जण याच संघटनेतून आले. त्यांच्यातल्या आल्दो मोरो यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

१९३७ पासून ते सचिवालयातल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होते. युद्ध सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, २४ ऑगस्ट १९३९ रोजी, पोप पायस बारावे यांनी रेडिओवरून शांततेचे आवाहन केले. ‘शांततेने काहीही गमावत नाही, युद्धाने सारे गमावू शकते’ या आशयाचे त्यातले वाक्य जगभर गाजले. त्या भाषणाचा मसुदा मोंतिनींच्या हातचा. युद्धकाळात हरवलेल्या सैनिकांचा आणि युद्धकैद्यांचा शोध घेणारे व्हॅटिकनचे माहिती कार्यालय त्यांच्या देखरेखीखाली चालत असे.

१९५४ मध्ये त्यांना मिलानचे आर्चबिशप नेमून रोमबाहेर पाठवण्यात आले. या मानाच्या पदाबरोबर सहसा मिळणारे कार्डिनलपद, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान, मात्र मिळाले नाही. जाणकारांना त्यात नाराजीचा वास आला. मोंतिनी ६ जानेवारी १९५५ रोजी मिलानच्या वेशीवर गाडीतून उतरले आणि त्यांनी पावसात गुडघे टेकून जमिनीचे चुंबन घेतले. कारखान्यांचे हे शहर कम्युनिस्टांचा बालेकिल्ला होते. ते कारखान्यांत गेले, कामगारांशी बोलले, नव्या वस्त्यांत शंभराच्या वर चर्च उभी केली. लोक त्यांना ‘कामगारांचे आर्चबिशप’ म्हणू लागले. माझ्या मते पुढचे पॉल सहावे रोमच्या कचेरीत नव्हे, इथे घडले.

ते पोप कधी झाले? ‘पॉल’ हेच नाव का घेतले?

जॉन तेविसावे यांनी पोप होताच १९५८ मध्ये जे पहिले कार्डिनल नेमले, त्यांच्या यादीत मोंतिनींचे नाव पहिले होते. जॉन यांच्या मृत्यूनंतर २१ जून १९६३ रोजी मोंतिनी पोप म्हणून निवडले गेले. संत पौल हे येशूचा संदेश घेऊन गावोगाव, समुद्रापार फिरलेले प्रेषित. नाव घेतानाच नव्या पोपने आपला रस्ता सांगून टाकला होता.

दुसरी व्हॅटिकन परिषद त्यांनी बोलावली का?

नाही. चर्चच्या नूतनीकरणासाठी भरलेली जगभरच्या बिशपांची ही सभा जॉन तेविसावे यांनी बोलावली. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी जगभरचे दोन हजारांहून अधिक बिशप रोममध्ये जमले, पण पहिल्या सत्राअखेर एकही दस्तऐवज हातात नव्हता. पोप वारले की परिषद आपोआप स्थगित होते. ती पुढे चालवायची की गुंडाळायची हे सर्वस्वी नव्या पोपच्या हाती होते. पॉल सहावे यांनी ती चालू ठेवली, आणखी तीन सत्रे घेतली आणि ८ डिसेंबर १९६५ रोजी सोळा दस्तऐवज मंजूर करून ती पूर्ण केली.

सुरुवात करणाऱ्याचे नाव राहते आणि तडीस नेणाऱ्याचे मागे पडते, हा अन्याय मला खटकतो. परिषदेत दोन टोके होती. एका गटाला सारे आजच बदलायचे होते, दुसऱ्याला काहीच नको होते. पॉल सहावे यांनी सतत दोन्ही गटांना सोबत ठेवायचा प्रयत्न केला. मतदान निसटत्या बहुमताने नको, जवळजवळ एकमताने व्हावे असा त्यांचा आग्रह असे. त्यासाठी ते मजकुरात शेवटच्या क्षणी दुरुस्त्या सुचवत आणि दोन्हीकडून बोलणी खात. धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य आणि संततिनियमन हे दोन विषय तर त्यांनी परिषदेच्या चर्चेतून काढून स्वतःकडे घेतले. चर्च फुटू नये या काळजीतून हे झाले असावे. त्याची किंमत पुढे त्यांनाच मोजावी लागली.

परिषद संपली तरी बिशपांशी सल्लामसलत थांबू नये, म्हणून १५ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांनी बिशपांची सिनॉड, म्हणजे पोपला सल्ला देणारी सभा, स्थापन केली. आज सिनॉडच्या बातम्या येतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

मराठीतल्या मिस्सेचा आणि त्यांचा काय संबंध?

थेट संबंध आहे. कोकणकिनाऱ्यावर सतराव्या शतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. म्हणजे ख्रिस्ताची गोष्ट मराठीत सांगितली जात होती. पण वेदीवरची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच चालली. वसईच्या शेतकऱ्याला, मुंबईच्या गिरणी कामगाराला, गोव्याच्या मच्छीमाराला ती फक्त ऐकायची होती.

उपासनेविषयीचा परिषदेचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला आणि लोकभाषांना दार उघडले. ७ मार्च १९६५ रोजी पॉल सहावे यांनी स्वतः रोममधल्या एका साध्या धर्मग्रामात इटालियन भाषेत मिस्सा अर्पण केली. १९६९ मध्ये नवा मिस्साविधी जाहीर झाला. वसईत मराठी, गोव्यात कोकणी, मुंबईत दोन्ही भाषा आणि शिवाय इंग्रजी, ही आजची सवयीची व्यवस्था तिथून सुरू झाली.

भारतासाठी आणखी एक गोष्ट घडली आणि ती फारशी सांगितली जात नाही. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना मान्यता दिली. पादत्राणे काढून, जमिनीवर मांडी घालून मिस्सेत बसणे. गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे किंवा पंचांग प्रणाम. फुले, धूप आणि दीप यांनी आरती. मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे. धर्मगुरूच्या खांद्यावर उपरणे. सगळीकडे हे रुजले असे नाही. पुष्कळ कॅथलिकांनीच त्याला विरोध केला, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी त्यांनाही प्रिय होत्या. पण एखाद्या चर्चमध्ये समई तेवताना आणि आरती ओवाळताना दिसली, तर त्यामागे पॉल सहावे यांच्या काळात रोमने दिलेली मान्यता आहे.

त्यांनी पोपचा मुकुट खरोखर सोडून दिला?

हो. तीन थरांचा हा मुकुट मिलानच्या लोकांनी भेट दिला होता आणि ३० जून १९६३ रोजी तो त्यांच्या डोक्यावर चढला. १३ नोव्हेंबर १९६४ रोजी, परिषद चालू असताना, ते सिंहासनावरून उतरले आणि गरिबांसाठी म्हणून तो त्यांनी संत पीटर बसिलिकेच्या वेदीवर ठेवला. सध्या तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बसिलिकेत आहे. त्यांच्यानंतरच्या एकाही पोपचा राज्याभिषेक झालेला नाही. व्हॅटिकनची सरदारी पहारा पथकेही त्यांनी १९७० मध्ये बरखास्त केली. स्विस गार्ड तेवढे राहिले.

ते मुंबईत कशासाठी आले होते? तेव्हा काय घडले?

निमित्त होते अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेसचे. ख्रिस्तशरीराच्या संस्काराभोवती भरणारा हा जागतिक मेळावा १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत झाला. यजमान होते मुंबईचे आर्चबिशप आणि भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस. पोप अशा मेळाव्याला सहसा प्रतिनिधी पाठवत. पॉल सहावे म्हणाले, मी स्वतः येतो.

त्या वर्षाच्या जानेवारीत ते जेरुसलेमला जाऊन आले होते. दीडशे वर्षांत इटलीबाहेर पाऊल टाकणारे आणि विमानात बसणारे ते पहिले पोप. पण ती ख्रिस्ताच्या भूमीची यात्रा होती. मुंबईची गोष्ट वेगळी. इथे ख्रिस्ती लोक मूठभर, देश नुकताच स्वतंत्र झालेला, गरीब, आणि त्याच वर्षी नेहरूंच्या निधनाने हादरलेला. काही हिंदू संघटनांनी धर्मांतराच्या शंकेने या मेळाव्याला आणि भेटीला विरोध केला होता. त्या शंकेला अनेक शतकांचा इतिहास होता, ती हवेतून आलेली नव्हती. त्यामुळे पोप इथे कसे वागतात, काय बोलतात याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

२ डिसेंबरला त्यांचे एअर इंडियाचे विमान सांताक्रूझला उतरले. स्वागताला उपराष्ट्रपती झाकीर हुसेन आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते. आपण यात्रेकरू म्हणून आलो आहोत, असे पोप म्हणाले. विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो लोक उभे होते आणि त्यांत बहुसंख्य हिंदू, मुसलमान, पारशी होते. पोप उघड्या गाडीत उभे राहून हात जोडून नमस्कार करत होते. ओव्हल मैदानावर त्यांनी सहा नव्या बिशपांना दीक्षा दिली. गरीब मुलांना भेटले. राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्याशी त्यांची भेट झाली.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा क्षण ३ डिसेंबरचा. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली: असत्याकडून सत्याकडे ने, अंधारातून प्रकाशाकडे ने, मृत्यूकडून अमृतत्वाकडे ने. ही प्रार्थना आपल्या काळाचीही आहे, असे ते म्हणाले. माणसांनी केवळ विमाने आणि रेडिओमुळे जवळ येऊन भागणार नाही, मनाने जवळ आले पाहिजे, असेही म्हणाले. ज्या पदावरून शतकानुशतके इतर धर्मांना चूक ठरवले गेले, त्या पदावरचा माणूस मुंबईत उभा राहून उपनिषदातले शब्द प्रार्थना म्हणून उच्चारत होता.

यानंतर वर्षही उलटले नव्हते, तेव्हा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने इतर धर्मांविषयीचा दस्तऐवज २२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारला. या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातले काहीही कॅथलिक चर्च नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे आणि हिंदू धर्माचा उल्लेख नावानिशी आहे. हा दस्तऐवज केवळ मुंबईमुळे झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्यूंशी असलेल्या नात्याच्या प्रश्नातून त्याचा जन्म झाला. पण पोपला परधर्मीयांचे प्रेम आधी डोळ्यांनी दिसले आणि मग त्यांनी त्या कागदावर सही केली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

पोर्तुगाल या भेटीवर का रागावला होता? गोव्याचा त्याच्याशी काय संबंध?

डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला होता आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला ते मान्य नव्हते. अशा वेळी पोप भारतात जाणार हे कळताच लिस्बनने तो आपला अपमान मानला आणि उघड नाराजी व्यक्त केली. पोर्तुगाल हा कट्टर कॅथलिक देश, तर भारतात कॅथलिक अगदी थोडे. तरी पोप आले. गोव्याच्या चर्चचा कारभार पुढे हळूहळू गोवेकरांच्या हाती आला. पोर्तुगीज आर्चबिशपांनी औपचारिक राजीनामा दिला तो १९७५ मध्ये. जानेवारी १९७८ मध्ये पॉल सहावे यांनी राउल गोन्साल्विस या गोव्याच्या सुपुत्राला तिथले आर्चबिशप नेमले.

पोपनी आपली गाडी मदर तेरेसांना दिली, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. मुंबईत त्यांनी वापरलेली लिंकन गाडी अमेरिकी कॅथलिकांकडून मिळालेली होती. परतताना ती त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरला. पुढच्याच वर्षी रोमने त्यांच्या संस्थेला थेट आपली मान्यता दिली आणि जानेवारी १९७१ मध्ये पॉल सहावे यांनी पहिला जॉन तेविसावे शांतता पुरस्कार मदर तेरेसांना दिला. नोबेल त्यानंतर आठ वर्षांनी आले.

गरिबी आणि शस्त्रास्त्रांविषयी त्यांची भूमिका काय होती?

४ डिसेंबर १९६४ रोजी मुंबईतच त्यांनी पत्रकारांच्या हाती जगासाठी एक निरोप दिला. शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग बाजूला काढा आणि त्यातून गरीब देशांसाठी एक जागतिक निधी उभारा. १९६५ च्या ४ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ते फ्रेंचमध्ये म्हणाले, ‘पुन्हा कधीही युद्ध नको, कधीही नको!’ आणि २६ मार्च १९६७ रोजी राष्ट्रांच्या विकासावरचे त्यांचे परिपत्रक, म्हणजे पोपने साऱ्या चर्चला लिहिलेले अधिकृत पत्र, निघाले. विकास हे शांततेचे नवे नाव आहे, असे त्यात लिहिले आहे. मुंबईतल्या आवाहनाचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. खासगी मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही, दुसऱ्याला गरजेपुरते नसताना जास्तीचे स्वतःपाशी साठवता येत नाही, असेही त्यांनी ठणकावले. श्रीमंत देशांतल्या काही वर्तमानपत्रांना हे मार्क्सवादी वाटले. ज्यांनी गरिबी पाहिली होती त्यांना ते साधे सत्य वाटले.

तो जागतिक निधी मात्र उभा राहिला नाही.

संततिनियमनाबाबतच्या निर्णयावर एवढा वाद का झाला?

हाच तो निर्णय, ज्याने बाकी सगळे झाकून टाकले.

गर्भनिरोधक गोळी बाजारात आल्यावर चर्चने भूमिका बदलावी का, याचा विचार करायला जॉन तेविसावे यांनी एक छोटा आयोग नेमला होता. पॉल सहावे यांनी तो वाढवला. त्यात डॉक्टर होते, धर्मपंडित होते, विवाहित जोडपी होती आणि कार्डिनल ग्रेशियसही होते. १९६६ मध्ये आयोगातल्या बहुमताने सांगितले की भूमिका बदलता येईल. पोपनी दोन वर्षे विचार केला आणि २५ जुलै १९६८ च्या परिपत्रकात कृत्रिम साधनांवरची बंदी कायम ठेवली. निसर्गाच्या चक्रानुसार संयम पाळायला मुभा राहिली.

वादळ उठले. अनेक देशांतल्या धर्मपंडितांनी जाहीर असहमती दाखवली. काही देशांच्या बिशपांनी आपल्या लोकांना सदसद्विवेकाचा आधार घेण्याची वाट मोकळी ठेवली. लाखो कॅथलिक जोडप्यांनी शांतपणे स्वतःचा निर्णय घेतला. पोप झाल्यापासून पाच वर्षांत सात परिपत्रके लिहिणाऱ्या पॉल सहावे यांनी उरलेल्या दहा वर्षांत एकही परिपत्रक लिहिले नाही.

मी हा निर्णय बरोबर मानत नाही. बहुमताचा सल्ला मागवून तो बाजूला ठेवला गेला आणि त्याचा भार सगळ्यांत जास्त बायकांवर पडला. एकामागून एक बाळंतपणांनी थकलेल्या बाईला संयमाचा उपदेश पुरत नाही. पण परिपत्रकाचा सतरावा परिच्छेद भारतीय वाचकाने जरूर वाचावा. ही साधने सरकारांच्या हाती गेली तर ती लोकांवर लादण्यापासून सत्ताधाऱ्यांना कोण रोखणार, असा प्रश्न त्यात विचारला आहे. आठ वर्षांनी, आणीबाणीत, आपल्याकडे सक्तीच्या नसबंदीने त्याचे उत्तर दिले. पुरुषांच्या नजरेत स्त्री केवळ उपभोगाचे साधन होईल, ही भीतीही त्याच परिच्छेदात आहे. निष्कर्ष मान्य नसलेल्यालाही या काळज्या खोट्या म्हणता येणार नाहीत.

इतर ख्रिस्ती पंथांशी त्यांनी कसे संबंध ठेवले?

जानेवारी १९६४ मध्ये जेरुसलेमला कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, अथेनागोरस आणि पॉल सहावे यांनी एकमेकांना आलिंगन दिले. पूर्व आणि पश्चिम चर्चच्या प्रमुखांची ही पाच शतकांतली पहिली भेट. १०५४ मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांना दिलेले बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेण्यात आले. मार्च १९६६ मध्ये अँग्लिकन चर्चचे प्रमुख मायकल रॅमसे रोमला आले, तेव्हा निरोपाच्या वेळी पोपनी आपल्या बोटातली अंगठी काढून त्यांना दिली. १९७५ मध्ये तर कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या मेलितोन नावाच्या धर्मप्रमुखांपुढे गुडघे टेकून त्यांनी त्यांच्या पायांचे चुंबन घेतले. पूर्वी राजेरजवाडे पोपच्या पायांचे चुंबन घेत असत हे लक्षात घेतले, की या कृतीचे वजन कळते.

त्यांच्यावर हल्ला झाला होता का?

२७ नोव्हेंबर १९७० रोजी मनिला विमानतळावर धर्मगुरूच्या वेशातला एक बोलिव्हियन चित्रकार सुरी घेऊन त्यांच्यावर धावला. पोपना किरकोळ जखम झाली. त्यांनी तिचा गाजावाजा केला नाही आणि दौरा तसाच पुढे नेला. त्याच दौऱ्यात, आदल्या दिवशी, ते ढाक्याला थांबले होते. दोनच आठवड्यांपूर्वी पूर्व पाकिस्तानात चक्रीवादळाने लाखो माणसे गेली होती.

त्यांच्यावर आणखी कोणती टीका होते?

दोन्ही बाजूंनी होते. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांच्या अनुयायांना त्यांनी परंपरा बुडवली असे वाटते. लफेव्र यांनी आज्ञा मोडून धर्मगुरूंना दीक्षा दिल्यावर १९७६ मध्ये पॉल सहावे यांनी त्यांचे अधिकार काढून घेतले. सुधारणावाद्यांची तक्रार उलटी: धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य त्यांनी १९६७ मध्ये कायम ठेवले आणि स्त्रियांना धर्मगुरूपद नाकारणारा जाहीरनामा १९७६ मध्ये त्यांच्याच संमतीने निघाला. तरी सिएनाच्या संत कॅथरीन आणि आविलाच्या संत तेरेसा यांना चर्चच्या ‘महापंडित’ म्हणून घोषित करून, ही पदवी पहिल्यांदा स्त्रियांना देणारेही तेच, हे सांगायला हवे.

ज्यूंच्या संहाराबाबत पायस बारावे यांनी जे मौन पाळले म्हणतात, त्याचाही प्रश्न त्यांच्यापर्यंत येतो, कारण ते पायस यांचे निकटचे सहकारी होते. त्या काळातली निवडक कागदपत्रे प्रसिद्ध करण्याचे काम पॉल सहावे यांच्या आदेशाने सुरू झाले. संपूर्ण दप्तर अभ्यासकांना खुले झाले ते मार्च २०२० मध्ये, आणि अभ्यास चालू आहे.

आल्दो मोरो प्रकरण काय होते?

१६ मार्च १९७८ रोजी ‘रेड ब्रिगेड्स’ या अतिरेकी संघटनेने इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण केले. विद्यार्थी संघटनेच्या दिवसांपासून मोरो हे मोंतिनींचे जवळचे. सरकारने वाटाघाटी नाकारल्या. २१ एप्रिलला ऐंशी वर्षांच्या पोपनी स्वतःच्या हाताने अपहरणकर्त्यांना पत्र लिहिले. मी गुडघे टेकून विनवतो, कोणत्याही अटीविना मोरोंना सोडा, असे त्यात होते. ९ मे रोजी रोमच्या एका रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत मोरोंचा मृतदेह सापडला. १३ मेच्या प्रार्थनासभेत पोपनी देवालाच विचारले की आमची विनवणी तू का ऐकली नाहीस. सर्वांसमोर असे बोलणाऱ्या पोपविषयी मला अपार आदर वाटतो.

त्यांचा मृत्यू कधी आणि कसा झाला?

६ ऑगस्ट १९७८ च्या रात्री, कास्तेल गांदोल्फो इथल्या उन्हाळी निवासात, हृदयविकाराने. मृत्युपत्र त्यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवले होते: स्मारक नको, खऱ्या मातीत पुरा. अंत्यविधीला संत पीटर चौकात साधी लाकडी शवपेटी जमिनीवर ठेवली होती आणि तिच्यावर शुभवर्तमानाचा ग्रंथ. त्यानंतर आलेल्या पोपनी जॉन तेविसावे आणि पॉल सहावे या दोघा पूर्वसुरींची नावे जोडून ‘जॉन पॉल’ हे नाव घेतले. तेच पहिले जॉन पॉल, पुढचे दुसरे जॉन पॉल आणि नंतरचे बेनेडिक्ट सोळावे, हे तिघेही पॉल सहावे यांनी नेमलेले कार्डिनल. ऐंशी वर्षांवरच्या कार्डिनलांनी पोपच्या निवडणुकीत मत देऊ नये हा आजचा नियमही त्यांचाच, १९७० चा.

ते संत कधी झाले? त्यांचा स्मरणदिन कोणता?

पोप फ्रान्सिस यांनी १९ ऑक्टोबर २०१४ रोजी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून आणि १४ ऑक्टोबर २०१८ रोजी संत म्हणून घोषित केले. त्याच समारंभात एल साल्वादोरचे हुतात्मा आर्चबिशप ऑस्कर रोमेरोही संत झाले. २०१४ च्या सोहळ्यात मनिलाच्या हल्ल्यातला रक्ताचे डाग पडलेला त्यांचा सदरा स्मृतिचिन्ह म्हणून वेदीपाशी ठेवला होता. स्मरणदिन २९ मे, म्हणजे त्यांच्या गुरुदीक्षेचा दिवस.

त्यांच्यानंतर कोणी पोप महाराष्ट्रात आले का?

जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी १९८६ मध्ये आले. त्या दौऱ्यात गोवा, वसई, मुंबई आणि पुणे होते. १९९९ मध्ये ते पुन्हा भारतात आले, पण दिल्लीपुरते.

त्यांचे लेखन वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?

३ डिसेंबर १९६४ च्या मुंबईतल्या भाषणापासून. ते दोन पानांचे आहे आणि व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर इंग्रजीत मिळते. त्यानंतर राष्ट्रांच्या विकासावरचे १९६७ चे परिपत्रक सावकाश वाचावे. १९६८ चे परिपत्रक त्याच्यानंतर घ्यावे, आणि वाचलेच तर पूर्ण वाचावे, नुसता निष्कर्ष नको.